एम्युलेटरवर सगळं बरोबर, मामांच्या फोनवर बटणच गायब

त्रिमूर्तीनगर_वेब · १४ मे, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवतो.

मी नागपुरात त्रिमूर्ती नगरला राहतो, घरूनच वेबसाईटी बनवतो. मोठं काही नाही. दोन मंगल कार्यालयं, एक दातांचे डॉक्टर, एक सावजी भोजनालय, अशी गिऱ्हाइकं. या खेपेस काम घरातलंच आलं. मामांची काटोलकडे संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. पाऊस लागला की लोक लागवड करतात, म्हणून कलमांचं बुकिंग एप्रिल-मेपासूनच सुरू होतं. आतापर्यंत सगळं लाल कापडी वहीत. यंदा मामा म्हणाले, "दिवसभर त्या डबड्यासमोर बसतोस, माझी एक वही तेवढी मोबाईलवर आणून दे."

पान एकच आहे. नाव, गाव, मोबाईल नंबर, किती कलमं, खुंट (ज्या रोपावर कलम बांधतात ते) जंभेरी की रंगपूर, माल कधी उचलणार, आणि ॲडव्हान्सच्या पावतीचा फोटो. शेवटी दोन बटणं, "पुन्हा पाहा" आणि "बुकिंग करा". यात चुकायला आहेच काय, असं मला वाटलं होतं.

तपासलं नाही असं नाही. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (वेबसाईट बनवणाऱ्यांची अवजारं) लॅपटॉपवरच पान फोनएवढं करून दाखवणारा तो डिव्हाईस मोड असतो ना, त्यात यादीतले होते नव्हते तेवढे फोन निवडून पाहिले. ३६० पिक्सेल रुंदी, ३९०, ४१२, उभा, आडवा. कुठंच काही हललं नाही. लिंक मामांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि झोपलो.

सकाळी साडेसहाला मामांचा फोन. "अरे, तुझ्या पानावर बुकिंगचं बटणच नाही."

म्हटलं, "मामा, खाली सरकवा."

"सरकवून सरकवून बोट झिजलं माझं."

स्क्रीनशॉट मागवला. "पुन्हा पाहा" दिसून राहिलं, त्याच्या बाजूला कोरी जागा. दुसरं बटण नाहीच. माझ्या लॅपटॉपवर तेच पान, तीच रुंदी, दोन्ही बटणं शेजारी-शेजारी ऐटीत बसलेली.

मग दिवसभरात एकेक तक्रार येत गेली. एकाचं म्हणणं, पावतीचा फोटो काढला की परत आल्यावर सगळा फॉर्म कोरा. तीनदा भरला, चौथ्यांदा त्यांनी सरळ मामांना फोन लावून तोंडी बुकिंग केलं. दुसऱ्या एकाच्या फोनवर मथळ्यातल्या "संत्र्यांच्या" या शब्दाचा अनुस्वार अर्धा कापलेला. आयफोनवाले एकच होते (मामांचे पुण्याचे व्याही), त्यांचं पान रकान्यात बोट ठेवलं की फुगतं आणि फुगलेलंच राहतं. आणि खालच्या पट्टीतलं बटण टाईप करताना कीबोर्डामागं लपतं, ही तक्रार तर चार-पाच जणांची.

मग वाटलं, डिव्हाईस मोड हे काही खरं नाही, आपण खराखुरा एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारा नकली फोन, घालू. अँड्रॉइड स्टुडिओ उतरवला. माझा लॅपटॉप पाच वर्षांचा, ८ जीबी रॅम. बाहेर ४५ अंश, खोलीत कूलर, कूलरसमोर मी, माझ्यासमोर लॅपटॉप. एम्युलेटर सुरू केला तर पंखा असा ओरडायला लागला की आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, मिक्सर कोण लावून राहिलं? चहा करून, पिऊन, कप धुऊन आलो तरी ते चिन्ह गोल-गोलच फिरत होतं. शेवटी उघडला, पण पान सरकवायला बोट ओढलं की तीन सेकंदांनी सरकायचं.

तर माझं विचारणं असं. हा एम्युलेटर या लॅपटॉपवर नीट चालू शकतो का, की नादच सोडू? आणि चालला तरी वरच्या तक्रारींपैकी कोणत्या त्यात दिसतील? खिशात दहा-एक हजार आहेत. रॅम वाढवू, जुने फोन घेऊ, की इंटरनेटवर भाड्यानं फोन मिळतात ते घेऊ? मामांकडून पैसे मागायची सोय नाही, ते संत्र्याच्या पेटीत हिशेब चुकता करतात.

---

कूलरसमोर_बसू_नका · १५ मे, सकाळी ७.१५

भौ, पहिले लॅपटॉप कूलरसमोरून उचल. ओली हवा आहे ती. माझा मदरबोर्ड असाच गेला.

आता एम्युलेटरचं. टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक कर, खाली "व्हर्च्युअलायझेशन" लिहिलेलं असेल. डिसेबल्ड असेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडते ती मूळ सेटिंग) जाऊन चालू कर. निम्म्या लोकांचं दुखणं इथंच असतं. प्रोसेसरची मदत मिळाली नाही की एम्युलेटर सगळं स्वतःच्या डोक्यानं करतो आणि मग तुझा मिक्सर होतो. यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ तुला हॅक्सम (एम्युलेटर पळवायचं इंटेलचं सॉफ्टवेअर) टाकायला सांगतील, टाकू नको, इंटेलनं ते कधीच सोडून दिलं. विंडोजमध्येच हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म नावाची सोय आहे, तेवढी टिक कर.

दुसरं, सिस्टिम इमेज, म्हणजे एम्युलेटरच्या आत चालणारं अँड्रॉइड, कोणती घेतलीस ते बघ. आपल्या साध्या इंटेल किंवा एएमडी लॅपटॉपला एक्स८६-६४ वालीच पाहिजे. एआरएमवाली (फोनच्या प्रोसेसरसाठीची) घेतली असेल तर म्हशीला मोटार जुंपल्यासारखं होईल.

आणि पान तपासायला अख्खा अँड्रॉइड स्टुडिओ उघडून ठेवायचं काही कारण नाही. एकदा फोन तयार केला की एम्युलेटर कमांडवरून एकटाच चालू होतो. तेवढीच दीड-दोन जीबी सुटते. शिवाय दरवेळी बंद करताना स्नॅपशॉट ठेव, मग पुढच्या वेळी पहिल्यापासून बूट करत बसत नाही.

तुझ्या लॅपटॉपवर चालणारं पान एम्युलेटरमधून बघायचं तर पत्त्यात लोकलहोस्ट ("हेच यंत्र") टाकू नको. त्याच्यासाठी लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतः. तिथं १०.०.२.२ टाक. यात माझा एक अख्खा रविवार गेला होता.

---

परसोडी_टेस्टिंग · १५ मे, दुपारी १.०५

जेवणाच्या सुट्टीत लिहीत आहे, त्यामुळे थोडं तुकड्या-तुकड्यांत होईल. मी बारा वर्षं हेच काम करते, पगार त्याचाच.

तू तीन निरनिराळ्या गोष्टींना एकाच नावानं हाक मारतो आहेस, म्हणून गोंधळ झाला. डिव्हाईस मोड म्हणजे तुझ्याच लॅपटॉपचं क्रोम, फक्त खिडकी अरुंद केलेली. तो सर्व्हरला सांगतो "मी अमुक फोन आहे", माऊसला बोट म्हणतो, आणि पिक्सेलची दाटी बदलतो. बाकी पान काढणारं इंजिन लॅपटॉपचं, प्रोसेसर लॅपटॉपचा, फाँटही लॅपटॉपचे. त्यात आयफोन निवडलास तरी आत क्रोमच असतं, सफारीचा वाससुद्धा नसतो. त्यांनी स्वतःच्या माहितीपानावर लिहून ठेवलं आहे की हा नुसता पहिला अंदाज समजा. लोक ते वाचत नाहीत. एम्युलेटर वेगळा. त्यात खरं अँड्रॉइड चालतं, खरं मोबाईलचं क्रोम, खरा कीबोर्ड. प्रोसेसर आणि मेमरी मात्र तुझ्या लॅपटॉपचीच. तिसरा ॲपलचा सिम्युलेटर, तो फक्त मॅकवर एक्सकोड या ॲपलच्या सॉफ्टवेअरसोबत येतो, ते तुझ्याकडे नाही, सोडून दे.

आता तुझे रोगी एकेक करून बघू.

मथळा कापला गेला तो फाँटमुळे. तू लॅपटॉपवर पाहिलंस तेव्हा विंडोजनं निर्मला फाँटात दाखवलं. अँड्रॉइडवर बहुतेक करून नोटो देवनागरी येतो, आयफोनवर कोहिनूर. प्रत्येकाची डोक्यावरची आणि पायाखालची जागा वेगळी. मी पैज लावते, तू मथळ्याला लाईन-हाईट (ओळीची उंची) १ दिलीस आणि वर ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेर जाईल ते कापा). इंग्रजी मथळ्याला ते खपतं. आपल्याकडे "संत्र्यांच्या"मध्ये वर अनुस्वार आणि खाली जोडाक्षराचं शेपूट, दोन्हीकडून जागा लागते. १.४ कर, ओव्हरफ्लो काढ. आणि पानाला भाषा मराठी अशी खूण लावली आहेस का? बहुतेक जण हिंदी किंवा इंग्रजीच राहू देतात. फाँटात सोय असेल तर मराठीची खूण लावल्यावर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. हे कोणी तक्रार म्हणून सांगणार नाही, पण मामांच्या पिढीच्या डोळ्याला ते खुपतं.

आयफोनचं फुगणं हे सगळ्यात सोपं. रकान्याची अक्षरं १६ पिक्सेलहून लहान असली की सफारी पान मोठं करून दाखवतं. १६ कर, संपलं. व्याह्यांना "तुम्ही क्रोम वापरा" असं सांगू नको, आपल्याकडे आयफोनवरच्या क्रोमच्याही पोटात सफारीचंच इंजिन असतं.

कीबोर्डामागं लपणारं बटण. डिव्हाईस मोडमध्ये कीबोर्ड येतच नाही, मग दिसणार कुठून? पूर्वी अँड्रॉइडवर कीबोर्ड वर आला की पानाची उंची कमी व्हायची आणि खालची पट्टी आपोआप वर यायची. २०२२च्या अखेरीस क्रोम १०८ आलं आणि ती वागणूक बदलली. आता फक्त दिसणारी खिडकी लहान होते, पान आहे तसंच राहतं, म्हणून तळाला चिकटवलेली पट्टी कीबोर्डाखाली जाते. व्ह्यूपोर्टच्या मेटा टॅगमध्ये (पानाच्या कोडात वर असते ती रुंदी-उंचीची सूचना) इंटरॅक्टिव्ह-विजेटला रिसाईझेस-कंटेंट दिलं की जुनी वागणूक परत मिळते. हे एम्युलेटरवर नक्की दिसेल, पण एक मेख आहे. एम्युलेटरमध्ये तू लॅपटॉपच्या कीबोर्डवरून टाईप करतोस, म्हणून स्क्रीनवरचा कीबोर्ड बरेचदा वर येतच नाही. सेटिंगमध्ये जाऊन "ऑन-स्क्रीन कीबोर्ड दाखवा" चालू कर. आणि मराठी कीबोर्ड टाक. शेतकरी काही इंग्रजीत नाव लिहिणार नाही.

फोटो काढल्यावर कोरा होणारा फॉर्म, यावर मात्र जरा थांबते, कारण हा रोग मी स्वतः भोगला आहे.

आमच्याकडे एका गिऱ्हाइकाचा असाच अर्ज होता, ओळखपत्राचा फोटो काढून जोडायचा. आमच्या टेबलावरच्या एकाही फोनवर चूक होईना. गिऱ्हाईक म्हणे, होते. आम्ही दोन दिवस नेटवर्कवर ढकललं. तिसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसातल्या चहावाल्या काकांनी सहज त्यांचा फोन दिला, २ जीबी रॅमचा, वर पंधरा-वीस ॲपं. पहिल्याच झटक्यात फॉर्म कोरा. होतं काय, कॅमेरा हे फार खादाड ॲप. ते समोर आलं की अँड्रॉइड मागं पडलेल्यांतून कोणाला तरी मारून मेमरी मोकळी करतं, आणि मागं असतं आपलं क्रोम. फोटो काढून माणूस परततो तेव्हा क्रोम नव्यानं जन्माला येतं, पान पहिल्यापासून उघडतं. जुनं भरलेलंही गेलं आणि फोटोही गेला. काका सहज म्हणाले, "माझं तर नेहमीच असं होते मॅडम, मी म्हटलं फोनच असा आहे." तीन वर्षं त्या माणसानं प्रत्येक वेबसाईटचा दोष स्वतःच्या फोनवर घेतला होता.

तुझ्या एम्युलेटरला भरपूर मेमरी दिलेली असेल तर हे कधीच दिसणार नाही. मुद्दाम घडवावं लागतं. फॉर्म भर, फोटोचं बटण दाब, कॅमेरा समोर असतानाच एडीबीमधून (लॅपटॉपवरून फोनला हुकूम देणारं साधन) मागचं क्रोम मार, मग परत ये. इलाज एम्युलेटरवर नाही, तुझ्या कोडमध्ये आहे. प्रत्येक रकाना भरला की लगेच लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरची स्वतःची साठवण) ठेव, आणि पावतीचा फोटो त्याच फॉर्मात घेऊच नको. बुकिंग आधी नोंदव, नंबर दे, फोटो पुढच्या पानावर माग. मग क्रोम मेलं तरी बुकिंग जिवंत राहतं.

राहिलं मामांचं गायब बटण. मामांचं वय काय? चष्मा आहे का?

---

त्रिमूर्तीनगर_वेब · १५ मे, दुपारी १.५०

ताई, वय ६७. चष्मा आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालंय. पण त्याचा आणि बटणाचा काय संबंध?

---

परसोडी_टेस्टिंग · १५ मे, दुपारी १.५८

त्यांच्या फोनच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले, त्यात "डिस्प्ले साईझ" किती आहे ते विचार. अक्षरांचा आकार नव्हे, त्याच्या खालचं.

७२० पिक्सेल रुंदीचा फोन साधारण दोनाच्या गुणोत्तरानं ३६० रुंदीचं पान दाखवतो. डिस्प्ले साईझ वाढवली की ते गुणोत्तर सव्वादोन होतं, आणि तोच फोन ब्राउझरला सांगतो, माझी रुंदी ३२०. डिव्हाईस मोडच्या यादीत कंपनीनं दिलेली रुंदी असते, माणसानं करून घेतलेली नसते. याला एम्युलेटरही नको होता. रुंदीच्या चौकटीत हातानं ३२० टाकलं असतं तरी दिसलं असतं.

---

पानठेला_लॅब · १५ मे, संध्याकाळी ६.२०

राजेहो, ताई बरोबर बोलून राहिल्या, पण मी म्हणतो दहा हजार खर्चायचेच काऊन? आमच्या चौकातल्या पानठेल्यावर संध्याकाळी सात वाजता उभा राहा. अर्ध्या तासात बारा कंपन्यांचे फोन समोर येतात. काच फुटलेले, स्टोरेज भरलेले, अक्षरं एवढी मोठी केलेले की एका स्क्रीनवर चार शब्द. कोणत्या एम्युलेटरच्या यादीत हे मिळते?

फक्त एक नियम पाळ. दुसऱ्याचा फोन हातात घ्यायचा नाही. सगळ्यांच्या फोनवर यूपीआय आहे, उगाच संशय कशाला. लिंक पाठव, त्यालाच उघडू दे, तू फक्त बाजूला उभा राहून बघ. कुठं बोट अडखळते ते बघ. तोंड उघडायचं नाही. "खाली सरकवा" म्हटलं की चाचणी संपली. एक खर्रा नाहीतर चहा, एवढाच खर्च.

---

मॅक_परवडत_नाही · १५ मे, रात्री ९.३०

पानठेल्यावर आयफोन कमी भेटतात, म्हणून माझे दोन शब्द.

भाड्याच्या फोनांचं म्हणशील तर ब्राउझरस्टॅकसारख्या ठिकाणी खरे फोन असतात, कुठंतरी कपाटात ठेवलेले, आपण ब्राउझरमधून त्यांच्यावर बोट फिरवायचं. (ती कंपनी २०११ साली मुंबईत सुरू झाली, आपलीच माणसं.) एका पानासाठी महिन्याचे पैसे भरणं मला जड वाटलं, पण पहिले फुकटचे मिनिटं मिळतात तेवढ्यात तुझं आयफोनचं काम होईल. आधी कागदावर लिहून ठेव काय-काय बघायचं आहे, मगच घड्याळ सुरू कर. मी पहिल्या वेळी मिनिटं नुसती फोन निवडण्यातच घालवली.

विंडोजवर सफारीचं इंजिन पाहिजे असेल तर प्लेराईट या तपासणीच्या सॉफ्टवेअरसोबत वेबकिट, म्हणजे तेच इंजिन, येतं. मांडणी बिघडते का, एवढं त्यात कळतं. ताईंनी सांगितलेलं ते फुगणं त्यात दिसणार नाही, कारण ते फोनवरच्या सफारीचं वागणं आहे, इंजिनचं नाही. आणि कोणी विंडोजवर सफारी टाका म्हणालं तर हसून सोडून दे, ती २०१२पासून बंद आहे.

---

त्रिमूर्तीनगर_वेब · १९ मे, रात्री १०.१५

सगळ्यांना उत्तर एकत्रच देतो.

व्हर्च्युअलायझेशन बंदच होतं. बायोसमध्ये चालू केलं, इमेज बदलली, एकट्यानं चालवला, आता एम्युलेटर चाळीस सेकंदांत उघडतो. आई मिक्सरचं विचारत नाही. लॅपटॉप कूलरसमोरून हलवला, मी तिथंच आहे.

मामांना डिस्प्ले साईझ विचारली. त्यांना काही सापडेना, म्हणून रविवारी काटोलला गेलो. सेटिंग उघडली, पट्टी पार उजव्या टोकाला. म्हटलं, मामा, हे कोणी केलं? ते म्हणाले, "तूच नाही का केलंस, ऑपरेशनच्या आधी, दोन दिवाळ्यांमागं. तेव्हापासून बरं दिसते." मी तिथंच ओट्यावर बसलो.

घरी येऊन एम्युलेटरमध्ये तीच पट्टी एकेक खाच सरकवत गेलो. पहिल्या खाचेला काही नाही. दुसऱ्या खाचेला "बुकिंग करा" डोळ्यांदेखत नाहीसं झालं. कारण असं निघालं: दोन्ही बटणं मी ५६ पिक्सेल उंचीच्या पट्टीत ठेवली होती, प्रत्येकाला ठरीव रुंदी, आणि जागा पुरली नाही तर दुसऱ्यानं खालच्या ओळीत जायचं असं सांगितलेलं. ते बिचारं सांगितल्याप्रमाणे खालच्या ओळीत गेलं, पण पट्टीला ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे खालची ओळ कापून टाकलेली. मामा जन्मभर सरकवत बसले असते तरी दिसलं नसतं. आता पट्टीची उंची काढली, बटणं एकाखाली एक.

बर्डीला (सीताबर्डी) मोदी नंबर ३च्या गल्लीत जाऊन एक जुना फोन घेतला, २ जीबी रॅम, कोपऱ्यात काच तडकलेली. दुकानदार २,८०० म्हणत होता, २,३०० ला दिला. वर म्हणाला, "भाऊ, पाचशे टाका, यापेक्षा चांगला देतो." त्याला समजावून सांगितलं की मला वाईटच पाहिजे. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं! पण ताई, पैसे वसूल. पहिल्याच फोटोला फॉर्म कोरा. आता फोटो वेगळ्या पानावर नेला आहे, आणि रकाने साठवून ठेवतो.

पानठेल्यावरही गेलो. तिथं एक गोष्ट सापडली जी तुमच्यापैकी कोणी सांगितली नव्हती. एका काकांना म्हटलं, नुसतं भरून दाखवा. त्यांनी मराठी कीबोर्डवरून कलमांच्या रकान्यात "२२०" लिहिलं, दोन एकरांचा हिशेब, एकरी ११०. देवनागरी आकडे. बुकिंग झालं म्हणून हिरवी खूणही आली. घरी येऊन बघतो तर संख्येच्या जागी शून्य. जावास्क्रिप्टला देवनागरी २२० हा आकडा वाटतच नाही, ते म्हणतं हा आकडाच नव्हे, आणि मी त्या उत्तराचं शून्य करून ठेवत होतो. मग मामांची यादी काढली. चार बुकिंगं शून्य कलमांची! मामांनी त्यांना फोन लावून विचारलं, चौघंही देवनागरीतच लिहिणारे. मी दोन महिने एम्युलेटरवर लॅपटॉपच्या इंग्रजी कळांनी २२० टाईप केलं असतं तरी हे बाहेर आलं नसतं. आता मोजण्याआधी दहाही आकडे बदलून घेतो.

एकूण खर्च: फोन २,३००, चार्जर १५०, काटोलचं पेट्रोल, आणि पानठेल्यावर सहा चहा. रॅम नंतर बघू.

---

परसोडी_टेस्टिंग · २० मे, सकाळी ९.४०

देवनागरी आकड्यांचं माझ्याही यादीत नव्हतं. आज टाकलं. चारशे पानं तपासली असतील मराठीची, कधी सुचलं नाही, कारण मी स्वतः आकडे इंग्रजीतच टाईप करते.

त्या तडकलेल्या फोनवर ॲपं भरून ठेव. रिकामा राहिला तर महिन्याभरात तो शहाण्यासारखा वागायला लागेल.

---

त्रिमूर्तीनगर_वेब · २१ मे, सकाळी ६.५०

आत्ताच मामांचा फोन येऊन गेला. बटण दिसलं. पण म्हणतात, "ते केशरी काऊन केलं? काल दुपारी बागेत उभा होतो, त्यावरची पांढरी अक्षरं दिसतच नाहीत." संत्र्याचा रंग म्हणून मी हौसेनं दिला होता.

उन्हाचा एम्युलेटर आहे का कोणाकडे?

---

कूलरसमोर_बसू_नका · २१ मे, सकाळी ८.०५

आहे. दुपारी दोनला गच्चीवर जा, फोन पाच मिनिटं उन्हात धर. तापला की ब्राईटनेसही आपोआप उतरते आणि फोनही मंदावतो, तेही दिसेल.

जायच्या आधी डेव्हटूल्समध्ये अक्षरांच्या रंगावर क्लिक कर, तिथं कॉन्ट्रास्टचा (अक्षर आणि मागचा रंग यांतल्या फरकाचा) आकडा येतो. ४.५च्या खाली असेल तर गच्चीवर जाऊच नको, रंग बदल. केशरीवर काळी अक्षरं कर. आणि डोक्याला दुपट्टा बांध बाप्पा.